शनिवार तेल्यांच्या गावाला

शनिवारी आमच्या शेजारची मावशी कुणालाही काम सांगत नसे. गॅस पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही, गाडीत बसायचं नाही, आणि यातलं काही दुसऱ्याला सांगून करून घ्यायचं नाही, असा तिचा कडक शनिवार. पण उन्हाळ्यात दुपारी मी तिच्याकडे गेले की ती छताकडे बघत म्हणायची, "आज काय उकडतंय गो." मग मी पंखा लावायचा. तिनं सांगितलेलं नसायचं, मी आपणहून केलेलं असायचं, आणि पाप दोघींपैकी कुणालाच नाही. मावशी, तू वकील व्हायला हवी होतीस, असं मी म्हटलं की ती पदर तोंडाला लावून हसायची.

पेणच्या आमच्या आळीत पूर्वी तिच्या लोकांची बरीच घरं होती. यहुदी असली तरी बोलणं आमच्यासारखं, भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी आमच्यासारखी, भांडणं तर अगदीच आमच्यासारखी. एकेक घर इस्रायलला गेलं. मावशीची मुलंही गेली. ती गेली नाही. तिथं भाजीवालीशी घासाघीस कुठल्या भाषेत करू, असं विचारायची. मिठागरावर राबणाऱ्या माणसाची मी मुलगी, लग्न करून या आळीत आले तेव्हा सासूपेक्षा मावशीनंच मला जास्त सांभाळून घेतलं. ती माझी कुणीच लागत नव्हती आणि सगळं लागत होती.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. ऑक्टोबर सुरू होता, भात पिवळं पडलं होतं, आणि मी दारात उभी राहून व्हॅनमध्ये पापडाचे डबे भरत होते. पेणचे पापड आणि पोहे दुकानांना पोचवायचे हा माझा धंदा. शनिवारी सकाळी अलिबागची खेप असते. मावशी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. या बाईला मी कधी केस न विंचरता उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं.

"काल दिव्याआधी फोन आला नाय," ती म्हणाली.

फोन म्हणजे तिच्या भावाचा फोन. मामा तिच्याहून मोठे, लग्न न केलेले, रोह्याजवळ अष्टमी गावाच्या पुढे खाडीकाठच्या मूळ गावी एकटेच राहणारे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी यांच्या घरी तेलाचा दिवा लागतो आणि तिथून शनिवार सुरू होतो. दिवा लावण्याआधी मामांचा फोन यायचाच. "काय रांधलंस?" एवढंच विचारायचे. मग इकडे ती दिवा लावायची, तिकडे ते लावायचे, आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत दोघंही फोनला हात लावत नसत. इतक्या वर्षांत हा फोन चुकला नव्हता. मामांना ताप असताना आला होता, पुरात वीज गेली तेव्हा शेजाऱ्याच्या मोबाइलवरून आला होता.

हे "उकडतंय"सारखंच होतं, मला कळायला वेळ लागला नाही. मी डबे परत खाली उतरवायला घेतले. म्हटलं, "तू घरी बस. मी रोह्याला जाऊन बघून येते आणि तिथून कळवते."

ती कुंपणाला वळसा घालून आली, व्हॅनचं दार तिनं स्वतः उघडलं आणि पुढच्या सीटवर बसली.

"मावशी, आज?"

"जिवावर बेतलं तर शनिवार मोडतो," ती समोर बघत म्हणाली. "मोडायलाच पायजे. आमच्यात तसंच हाय."

"जिवावर कशाला बेतेल? फोन बिघडला असेल मामांचा."

तिनं पदर आवरून दार ओढून घेतलं. निम्मे डबे व्हॅनमध्येच राहिले आणि आम्ही निघालो.

गावाबाहेर येताच मी मामांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली आणि थांबली. मी म्हटलं, शनिवार आहे, उचलणार कसे? मावशी म्हणाली, "नायच उचलायचा." आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की या फोनवरून आपल्याला काही कळणार नाही. शनिवारी न उचलणारा माणूस आणि उचलू न शकणारा माणूस, फोनला दोघे सारखेच. तरी मी दर थोड्या वेळानं लावत राहिले.

हा हायवे मी सून म्हणून आले तेव्हापासून खणलेला आहे. माझी मुलं शिकून नोकरीला लागली, रस्ता अजून शिकतोच आहे. एकदा डावीकडून जायचं, एकदा उजवीकडून, मध्येच पुलाचे खांब उभे आणि त्यांच्यावर पूल नाही. रोज या रस्त्याला शिव्या घालत मी गाडी हाकते आणि त्यात माझा वेळ बरा जातो. त्या दिवशी शिवी तोंडात येईना. वडखळच्या पुढे दोन्ही बाजूंना खाऱ्या जमिनी लागल्या, पाणी साचून काळं पडलेलं, आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. पावसाळा संपलेला असूनही दक्षिणेकडे आभाळ भरून आलं होतं. समोरून येणारी वाहनं कमी होत गेली. शनिवारी मुंबईकरांच्या गाड्यांनी हा रस्ता फुललेला असतो. मी दोनदा आरशात बघितलं, मागेही कुणी नव्हतं.

मग समोरून एक अ‍ॅम्ब्युलन्स आली. भोंगा वाजत नव्हता, नुसताच लाल दिवा फिरत होता. मावशीनं मान वळवली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत राहिली.

"रोह्याकडची असेल असं नाही," मी म्हटलं. "महाडपासून सगळ्या याच रस्त्यानं येतात."

"मी काय बोलले काय?"

नागोठण्याला कळलं की गाड्या का येत नव्हत्या. तिथून भिसे खिंडीतला रस्ता सरळ रोह्याला उतरतो. खिंडीच्या तोंडाशी दोन माणसं लाल फडकं धरून उभी होती. आत टँकर उलटला होता, त्यातून काहीतरी सांडत होतं, वास येत होता, आणि काय सांडतंय ते कुणालाच माहीत नव्हतं. हायवेलाही पुढे कोंडी होती. मी त्यातल्या एकाशी भांडले. म्हटलं, म्हातारा माणूस आजारी आहे, कडेकडेनं जाऊ दे. तो म्हणाला, "ताई, आत गेलात तर तुम्हीच आजारी पडाल. कोलाडवरून जा." म्हणजे मोठा वळसा. मी गाडी वळवली आणि पुन्हा फोन लावला. या वेळी रिंग वाजली नाही. फोन बंद आहे, असं ती बाई मराठीत सांगायला लागली, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी तिचं तिन्ही भाषांतलं ऐकून घेतलं.

"बंद लागतोय," मी मावशीला सांगितलं. "चार्जिंग संपलं असेल. शनिवारी चार्जिंगला लावणार कसे?"

"सकाळपासून वाजत व्हता ना?"

"व्हय."

"मग आता संपला," ती म्हणाली.

सुकेळीच्या चढावर व्हॅन तापली. खांब गावाजवळ एका टपरीपाशी थांबवून मी झाकण उघडलं आणि पाणी मागितलं. टपरीवाल्यानं बादली आणून दिली, वर चौकशीही केली. कोकणातला माणूस पाणी फुकट देईल, पण चौकशी केल्याशिवाय देणार नाही. कुठं निघालात? मी गावाचं नाव सांगितलं. कुणाकडं? मी म्हटलं, तेल्यांकडे.

"शनवार तेल्यांकडं?" तो हसला. "आज तर शनवार हाय. आज कोन दार उघडनार तुमाला?"

त्याचं बोलणं वावगं नव्हतं. त्या पट्ट्यात या लोकांची ओळखच तशी. एके काळी गावोगावचे तेलाचे घाणे यांचे. तीळ, खोबरं, जे येईल ते गाळायचं, चामड्याच्या बुधल्यांत भरायचं आणि भरतीला होड्यांतून मुंबईकडे पाठवायचं. शनिवारी मात्र घाणा बंद आणि बैल मोकळा. म्हणून शनिवार तेली. मावशीनं मला पूर्वी सांगितलं होतं, की शनिवारी कुणाच्या घरातलं तेल संपलं तर ते लोक अंधारात बसत, पण तेल्याच्या दारात जात नसत. तिला त्याचा केवढा अभिमान. "आमचा शनिवार आमच्यापेक्षा गावानंच जास्त पाळला," असं म्हणायची. त्या टपरीवर मात्र ती खिडकीची काच वर करून बसून राहिली.

पुढे मी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला. मामांचं चहाचं वेड विचारलं. माणूस सगळ्याला पक्का, पण चहाला कच्चा. शुक्रवारी दुपारी थर्मासभर चहा करून ठेवायचे, तो रात्रीच संपायचा, आणि मग शनिवारची सकाळ त्यांना खायला उठायची. लहानपणी चहासाठी शनिवारी चूल पेटवताना बापानं धरलं होतं. मावशी एरवी ही गोष्ट रंगवून सांगते. आज म्हणाली, "बाबानं लय मारला त्याला."

धाटावला कारखान्यांचा वास आला. हा वास नेहमीचाच, पण त्या दिवशी मला वाटलं की नागोठण्याचा टँकर आपल्याबरोबरच आलाय. रोहा ओलांडलं, कुंडलिकेचा पूल ओलांडला, अष्टमीच्या बाजारात एका टेम्पोमागे अडकलो. तिथं मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. लोक वळून बघायला लागले. मावशीनं माझ्या मनगटाला हात लावला. तिची बोटं गार होती.

"हळू चालव," ती म्हणाली. "पोचायचं तेव्हा पोचू."

मला तिचा राग आला. घाई कुणासाठी चालली होती?

गावात शिरताना उजवीकडे मुंबईवाल्यांची नवी फार्महाऊस लागतात, डावीकडे खाडी. मग ती गल्ली. दोन्ही बाजूंनी कुलपं लावलेली घरं, काहींच्या कौलांतून झाडं उगवलेली, चौकटींवर हे लोक देवाची वचनं घालून ठोकतात त्या छोट्या नळ्या निघाल्यानंतरच्या नुसत्या खुणा. गल्लीच्या टोकाला त्यांचं प्रार्थनेचं घर. त्याची किल्ली मामांकडे, आणि मागच्या कबरस्तानातलं गवत कापायचं कामही मामांकडे. ते इस्रायलला गेले नाहीत ते त्या गवतासाठी.

मामांच्या भिंतीला भिंत लावून एका शेतकऱ्याचं घर आहे. त्याची बायको ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी तिला ओळखत होते, मामांच्या घरी आलं की तीच पाणी आणून देई. व्हॅन बघून ती हसली. मग मावशी खाली उतरली आणि त्या बाईचं हसणं गेलं. शनिवारी मावशी गाडीतून उतरली, याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. तिच्या मांडीवरची परात खाली पडली.

पुढचं दार आतून लावलेलं होतं. मी हाका मारल्या. मावशीनं एकदाच हाक मारली, लहानपणच्या नावानं. शेजारणीचा नवरा परसातून धावत आला. मागच्या दाराचा कोयंडा जुना होता, त्यानं आणि मी मिळून खांदा लावला तसा तो निघाला.

मामा मधल्या खोलीत जमिनीवर होते. स्टूल आडवं पडलं होतं. वर साखळीला काचेचा दिवा टांगलेला, वात घातलेली पण न पेटवलेली. शुक्रवारी दिव्याची तयारी करायला चढले आणि वात घालून पडले, हे कुणालाही दिसलं असतं. एक पाय नको तसा वळलेला होता. पडले तिथून ते सरकत सरकत भिंतीपर्यंत आले होते, त्या शेजारच्या भिंतीपर्यंत. जमिनीवर त्याची खूण उमटली होती. मी हात धरून बघितला. हात गार होता, पण अजून ताठला नव्हता.

मावशी त्यांच्या उशाशी खाली बसली. रडली नाही. त्यांच्या कपाळावरचे केस सारखे करत राहिली.

माझं मात्र डोकं फिरलं. मला दुःख झालं की आधी राग येतो, तो कुणावर काढायचा ते नंतर ठरतं. मामांच्या हाताजवळ त्यांचा मोबाइल पडला होता. मी तो उचलला आणि मेलेल्या माणसालाच बोलायला लागले. "फोन हाताशी होता ना? मग करायचा होता. नियम पाळत बसलात? जिवापुढे कसला शनिवार? मावशीला एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

दारात शेजारीण उभी होती, चौकट धरून.

"त्ये हाक मारत व्हते," ती म्हणाली.

मी वळून बघितलं.

"सकाळी. ऊन येयाच्या आधी. 'अगो, जरा ये गो, अगो, पानी दे.' भिंतीतनं ऐकू आलं मना. मी भिंतीपाशी गेले. मी म्हटलं, मामा, शनवार हाय, इसरलाव काय?" तिनं चौकट आणखी घट्ट धरली. "त्यांनीच सांगून ठेवलंवतं. शनवारी मी काय पन मागितलं तरी द्यायचं नाय. चाय तर नायच नाय. मी कच्चा हाय, तू पक्की ऱ्हा. दर शनवारी हाक मारायचे, मी दर शनवारी हेच सांगायचे, मग हसायचे. आज हसले नाय. गप ऱ्हायले. मना वाटलं, झोपले."

भिंतीपलीकडे माणूस पाणी मागत होता, आणि अलीकडे ही वाल सोलत होती. मी तिच्या अंगावर गेलेच. म्हटलं, "बाई, चहा आणि पाणी यातला फरक कळत नाही तुला? आवाज कळत नाही? इतकी वर्षं शेजारी राहून..." तिचा नवरा मध्ये आला. तिनं त्याला बाजूला केलं. मी मारलं असतं तरी तिनं मारून घेतलं असतं.

"तिला बोलू नको," मावशी म्हणाली.

"का नको?"

"त्यानं केला व्हता फोन."

मला वाटलं, धक्क्यानं काहीतरी बोलतेय. मी हातातल्या बंद मोबाइलकडे बघितलं.

"दिव्याआधी आला नाय," मावशी म्हणाली. "मी वाट बघितली. काडी हातात धरून बसले. सूर्य जायला लागला तसा मी माझा दिवा लावला. लावला आणि फोन वाजला." ती बोलत होती तेव्हा तिचा हात मामांच्या कपाळावर फिरतच होता. "समोरच व्हता, टेबलावर. वाजून वाजून थांबला. मी म्हटलं, तो असणार नाय. तो दिवा लावल्यावर फोन करणारच नाय. दुसऱ्या कुणाचा असणार. परत वाजला. मी हात मांडीखाली घेऊन बसले. मग नाय वाजला."

रात्रभर ती त्या फोनसमोर बसली असणार, आणि दिव्याची वेळ उलटल्यावर मामांनी फोन केला म्हणजे काय झालं असणार हे तिला रात्रीतच कधीतरी कळलं असणार. सकाळी कुंपणाशी आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. वडखळला, नागोठण्याला, खांबच्या टपरीवर, मी फोन बिघडला असेल म्हणत होते आणि ती ऐकून घेत होती. मला तिच्याकडे बघवेना.

शेजारीण दारातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मावशीनं तिला जवळ बोलावलं. ती येईना, तशी मावशी स्वतः उठून गेली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"तू भिंतीपर्यंत तरी गेलीस गो," मावशी तिला म्हणाली. "मी जागची उठले पन नाय."

दफनासाठी त्यांचे लोक ठाण्याहून बोलवायचे होते आणि शनिवार संपल्याशिवाय मामांना हलवता येणार नव्हतं. मी बाहेर ओट्यावर आले, सांडलेले वाल परातीत भरले, आणि फोन करायला लागले.